सुट्या फळांची गादी

दुसरी लाल चिठ्ठी बाबांच्या हातात पडली. त्यांनी तिच्या चार घड्या घातल्या, शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं, आणि मग बटण उघडून चिठ्ठी आत आहे ना ते पुन्हा बघितलं. जणू हरवली तर कुणीतरी परत मागणार होतं! एरवी मी खो खो हसले असते. पण त्या दिवशी नाही.

कारण तिसरी लाल चिठ्ठी म्हणजे नंबर जातो.

तेलगिरणीच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. गिरणीत माल आणणाऱ्या सगळ्या ट्रॅक्टरांचे नंबर त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेत. एका हंगामात तीन लाल चिठ्ठ्या झाल्या की फाटकावरचा माणूस ब्रश घेऊन येतो आणि त्या नंबरावर आडवी रेघ मारतो. मग त्या ट्रॅक्टरला फाटकाच्या आत यायची बंदी. दुसरी गिरणी इथून पाच तासांवर आहे आणि आमचं फळ तेवढा दम धरत नाही. बाबांचा नंबर एकतीस. अकरा वर्षं तो नंबर तिथे आहे, म्हणजे मी चार वर्षांची असल्यापासून. आकडे ओळखायला मी त्याच फळ्यावर शिकले.

आम्ही वाहतो ते पाम, तेलाचा ताड. त्याचा एकेक घड वीस-वीस किलोचा, काटेरी, आणि त्यात सुपारीएवढी शेकडो लालभडक फळं ठासून बसलेली. घड पिकला की काही फळं आपोआप सुटून खाली पडतात. ती सुटी फळं वेचायचं काम आई आणि तिच्या मैत्रिणी करतात. दिवसभर वाकून, काट्याकुट्यांतून, एकेक फळ. आईच्या नखांचा रंग मला आठवतं तेव्हापासून केशरी आहे.

आता ही फळं दिसायला दणकट असली तरी स्वभावाने भयंकर नाजूक. आपटली, चेंगरली की आतलं तेल आंबायला लागतं. गिरणीत प्रत्येक मालाची आंबट, म्हणजे तेल किती टक्के आंबलंय ते, मोजतात. पाचच्या आत आली तर पांढरी चिठ्ठी. पाचच्या वर गेली की लाल.

आणि म्हणूनच बाबांनी गादी शोधून काढली होती.

ट्रॉलीचा तळ लोखंडी. घड थेट त्यावर पडले तर चेंगरणारच. म्हणून बाबा आधी आईने वेचलेली सुटी फळं तळाला पसरायचे, छान एकसारखी, हाताने सपाट करून, आणि मग त्यावर घड रचायचे. म्हणजे घडांना धक्का नाही. ही युक्ती इतकी गाजली की गिरणीच्या रांगेतले निम्मे ड्रायव्हर आता तसंच करतात. बाबांना तिथे नावाने कुणी हाकच मारत नाही. "या गादीवाले!" म्हणतात, आणि बाबा नाही नाही म्हणत लाजतात.

पहिली लाल चिठ्ठी आली तेव्हा बाबांनी दोन गोष्टी केल्या. ट्रॅक्टर इतका हळू चालवायला लागले की एकदा एक कोंबडी आम्हाला मागे टाकून गेली (खरंच!). आणि गादी दुप्पट जाड केली. आंबट पाच पूर्णांक चारवरून थेट सहा पूर्णांक एकवर गेली. ती ही दुसरी चिठ्ठी.

"आणखी जाड करतो," बाबा शेवटी म्हणाले. "उद्या वीतभर गादी घालतो. बघू कसा धक्का बसतो ते."

ते ट्रॉली धुवायला गिरणीतल्या नळाकडे गेले. शनिवार होता, शाळा अर्धी, म्हणून मी बरोबर होते. बाबा फावड्याने तळ खरवडत होते आणि तळातून केशरी चिखल निघत होता. रोज निघतो. येते तेव्हा मी तो बघते. त्या दिवशी मात्र एक लपका माझ्या सँडलवर उडाला, मी तो पुसायला वाकले आणि बोटांना तेल लागलं. नुसतं तेल! मी त्याला चिखल का म्हणत होते? तो चिखल नव्हताच. ती आईची फळं होती.

पूर्वीची मी असते तर गप्प बसले असते. पण यंदा दहावीत गेल्यापासून मला तोंड उघडायची चटक लागलीय. वर्गात हात वर करते, उत्तर चुकलं तरी मरत नाही हे कळलंय. मी सरळ आंबट मोजतात त्या लॅबच्या दारात जाऊन उभी राहिले.

लॅबमध्ये एकच ताई असते. पांढरा कोट, कोटाच्या खिशात पेन्सिल, आणि चेहऱ्यावर कायम 'आता काय?' असा भाव.

"ताई, वरच्या घडातल्या फळाची आंबट आणि तळाच्या सुट्या फळाची आंबट वेगवेगळी मोजता येते का?"

"मोजता येते. मोजत नाही. ट्रॉली रिकामी केली की ढिगातून मिळून एक नमुना घेतो."

"मग आज मोजा ना."

"का गं? तू कोण, मोठी साहेब?"

"मी एकतीस नंबरची मुलगी."

ताईने माझ्याकडे बघितलं. लाल चिठ्ठी तिनेच लिहिली होती. "पळ," ती म्हणाली. "ढीग अजून उचलला नसेल तर दोन वाट्या भरून आण. लवकर, मला जेवायचंय."

मी पळाले. एका वाटीत घडातून ओढून काढलेली फळं, दुसऱ्या वाटीत तळाची सपाट झालेली. ताईने ती ठेचली, तेल काढलं, गरम केलं, आणि मग काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडायला लागली. तेल गुलाबी होईपर्यंत थेंब पाडायचे. जितके जास्त थेंब लागतील तितकी आंबट जास्त. पहिली वाटी पटकन गुलाबी झाली. दुसरी होईचना. थेंब, थेंब, आणखी थेंब.

"घडातली दोन पूर्णांक सात," ताई म्हणाली. मग नळीवरचा आकडा पुन्हा बघून, "तळाची अकरा."

"अकरा!"

"ओरडू नकोस. सुटं फळ सगळ्यात पिकलेलं असतं. तेल त्यातच जास्त. आणि तुम्ही त्याच्यावर चार टन ठेवता." तिने पेन्सिल खिशात टाकली. "पण हे बघ, एकेका वाटीवरून काही सिद्ध होत नाही. बाबांना सांग, पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. उद्या लाल आली तर माझ्या दारात भांडण नकोय."

घरी येईपर्यंत मी ट्रॅक्टरवर मनातल्या मनात दोन्ही आकडे घोळवत होते. बाबांना वाटलं मला भूक लागलीय. त्यांनी खिशातून शेंगदाणे काढून दिले. ते शेंगदाणे मी मुठीतच धरून ठेवले. त्यांना कसं सांगायचं? त्यांनी गादी जाड केली म्हणून आंबट वाढली. म्हणजे त्यांनी जितकी जास्त काळजी घेतली तितकं जास्त बिघडलं!

आधी आईला सांगितलं. ती ओट्याशी भांडी विसळत होती. ऐकलं, आणि नळ बंद केला.

"म्हणजे मी वेचलेली फळं," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्यात चांगली फळं. ती हे चेंगरायला घालतात."

"आई, त्यांना माहीत नव्हतं गं."

"मला तरी कुठे माहीत होतं?" आईने हात पदराला पुसले आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो! जरा आत या. पोरगी काय म्हणतेय बघा."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मी अकरा म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला नाही. दोन पूर्णांक सात म्हटलं तेव्हाही नाही.

"कुणी मोजलं?"

"मोजलं कुणीतरी."

"त्या कुणीतरीने कधी ट्रॉली भरलीय?"

"नाही, पण—"

"लोखंडावर घड टाकायचे? उघड्या लोखंडावर?" बाबांचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "उद्याची फेरी शेवटची ठरू शकते. उद्या प्रयोग करायचे?"

"तुम्ही पण प्रयोगच करताय ना बाबा! वीतभर गादी हा काय कमी प्रयोग आहे?"

शब्द तोंडातून सुटले आणि मला वाटलं, झालं, आता बसतेय एक. पण बाबा नुसते वळून बाहेर गेले. रात्री जेवताना त्यांनी मला एकदाही 'वाढू का' विचारलं नाही. रोज विचारतात.

रविवारी सकाळी बागेत ट्रॉली उभी होती, घडांचे ढीग वाटेच्या कडेला, आणि पैलवान कंबरेवर हात ठेवून तयार. पैलवान म्हणजे आमचा भरणारा गडी. नाव पैलवान, वजन रिकाम्या पोत्याएवढं. टोकदार सळई घडात खुपसायची, एका झटक्यात वर फेकायचा, आणि थर झाला की वर चढून पायाने दाबून बसवायचा, हे त्याचं काम आणि हाच त्याचा अभिमान.

बाबांनी कालचा विषय काढला नाही. त्यांनी सुट्या फळांची पहिली टोपली उचलली, ट्रॉलीपाशी नेली आणि काठावर टेकवली. सवयीने. मी ट्रॉलीत उडी मारली आणि तळावर उभी राहिले.

"बाजूला हो."

"नाही होणार."

"ए, खाली उतर. उशीर होतोय. ऊन चढलं की आणखी आंबेल."

ते खरं होतं. तेच तर सगळ्यात वाईट होतं! प्रत्येक मिनिटाला मी त्यांचं नुकसानच करत होते. मी बरोबर असले तर ठीक, पण मी चुकले असले तर? दोन वाट्या! फक्त दोन वाट्यांवर मी अकरा वर्षांचा नंबर पणाला लावत होते.

तेवढ्यात आई आली. तिच्या मागे तिच्या तीन मैत्रिणी, प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली. आईने बाबांच्या हातातली टोपली शांतपणे काढून घेतली.

"माझी फळं तळाला जाणार नाहीत," ती म्हणाली. "पोत्यांत भरीन. अर्धी अर्धी पोती. घडांच्या वर ठेवा, नाहीतर तुमच्या मांडीवर ठेवा. तळाला नाही."

"अगं पण तळाला मग काय?"

"रिकामी पोती आहेत की. दुहेरी करून टाका."

"पोत्याने काय होणार!"

"नाही झालं तर नाही झालं. पण माझ्या फळांनी होणार नाही."

मैत्रिणींपैकी एक खुदकन हसली. पैलवान आभाळाकडे बघायला लागला. बाबा आईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या पायाखालच्या रिकाम्या लोखंडाकडे. शेवटी त्यांनी मागच्या फळीवर घडी करून ठेवलेली पोती ओढली आणि स्वतः पसरायला लागले. पोत्याचा एक कोपरा दुमडला होता, तो त्यांनी तीनदा सरळ केला.

मग भरणं सुरू झालं आणि माझं तोंडही.

"पैलवानदादा, सळई देठात! फळात नाही!"

"बरं बाईसाहेब."

"फेकू नका ना, ठेवा!"

"ठेवा म्हणे. हे काय अंडं आहे?"

"हो! अंडंच आहे असं समजा!"

पहिला थर झाला आणि तो सवयीने वर चढायला लागला. मी एवढ्या जोराने "पाऊल टाकायचं नाही!" असं किंचाळले की तो मागे धडपडला आणि खाली बसला. बायकांना हसू आवरेना. बाबा हसले नाहीत. दाबून न बसवल्यामुळे बारा घड बाहेर राहिले. बाबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि त्या एका बघण्यात मला माझी सगळी हिंमत विरघळताना जाणवली. वर सुट्या फळांची सहा अर्धी पोती ठेवून आम्ही निघालो.

तो रस्ता. देवा, तो रस्ता! एरवी गादीमुळे ट्रॉली मुकी असायची. आज ती बोलत होती. प्रत्येक खड्ड्याला तळातून धप्प असा आवाज, आणि प्रत्येक धप्पला बाबांचा खांदा उडत होता, जणू घड त्यांच्याच अंगावर पडतोय.

"ऐकलंस?"

"हो."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा धप्प.

"हा मधला थर."

"बाबा, तुम्हाला आवाजावरून थर कळतो?"

"अकरा वर्षं पाठीमागे ऐकतोय."

मी मनात हिशेब करत होते. तळाचे घड चेंगरले तर किती? एका थरातली खालची फळंच. पण सगळीच चेंगरली तर? आणि नळीतून पडणाऱ्या थेंबांत ताईचीच चूक झाली असेल तर? मला अचानक सगळं खरं सांगून टाकावंसं वाटलं, की बाबा, मला काहीही माहीत नाही, मी फक्त मोठ्याने बोलते. पण आता सांगून काय उपयोग? घड भरलेले होते, गिरणीचं धुराडं दिसत होतं.

उतरवताना बाबांनी ट्रॉली नेहमीसारखी एकदम उलटी केली नाही. हळूहळू तिरकी केली, घड घसरू दिले. पोती आधी हाताने उतरवली. शेजारी माल उतरवणारा ड्रायव्हर ओरडला, "अहो गादीवाले, झोप लागली काय?" नमुना घेणाऱ्याने ढिगाच्या चार बाजूंनी फळं उचलली, पोत्यांतलीही घेतली, आणि डबा लॅबच्या खिडकीतून आत सरकवला.

आम्ही खिडकीखाली उभे राहिलो. ताई आतून दिसत होती, पण तिने एकदाही वर बघितलं नाही. मी नखं खायला सुरुवात केली. बाबांनी माझा हात तोंडातून काढला, आणि मग तो हातातच ठेवला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग खिडकीतून एक हात बाहेर आला.

पांढरी.

चार पूर्णांक दोन. मी दोनदा वाचलं, मग बाबांनी वाचलं, मग त्यांनी चिठ्ठी उलटी करून मागची बाजू बघितली, तिकडे काही वेगळं लिहिलंय का म्हणून. मी उड्या मारायला लागले. "चार पूर्णांक दोन! बाबा! चार पूर्णांक दोन!" खिडकीच्या आत ताईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. पण बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते रांगेकडे बघत होते.

रांगेत पुढचा ट्रॅक्टर मिशीवाल्या काकांचा. त्यांच्याकडे एक लाल चिठ्ठी आधीच होती. ट्रॉलीच्या फटींतून तळाचा थर दिसत होता, केशरी, वीतभर जाड.

"परवा मीच सांगितलं त्याला," बाबा म्हणाले. "एक लाल आली म्हणून विचारायला आला होता. म्हटलं, गादी जाड कर."

ते चालत काकांकडे गेले. मीही मागे.

"गादी घालू नकोस," बाबा म्हणाले.

"घातलीय की. तुम्हीच तर सांगितलंत."

"हो. मी सांगितलं. चुकीचं सांगितलं."

मिशीवाले काका हसायला लागले, कारण त्यांना वाटलं गंमत चाललीय. मग त्यांनी बाबांचा चेहरा बघितला आणि हसणं अर्ध्यात राहिलं. बाबांनी ट्रॉलीच्या फटीत हात घातला, तळाचं एक फळ ओढून काढलं. ते फळ कसलं, नुसता लगदा. तो त्यांनी काकांच्या समोर धरला. काहीही न लपवता, रांगेतल्या इतर ड्रायव्हरांनाही दिसेल असा.

"आता आजचं काय?" काकांनी विचारलं.

"आजचं काही होत नाही आता."

काकांनी ट्रॉली तिरकी करून माल ओतला. आम्हाला खरं तर घरी जाता आलं असतं. आई वाट बघत होती, आणि फाटकावरचा माणूस "एकतीस, गाडी काढा!" म्हणून दोनदा ओरडून गेला. बाबांनी गाडी बाजूला लावली आणि परत येऊन त्याच खिडकीखाली उभे राहिले, काकांच्या शेजारी. मी पुन्हा नखं खायला लागले. इतक्यात दुसऱ्यांदा! आणि या वेळी आमचा माल नसताना.

हात बाहेर आला. लाल. सहा पूर्णांक आठ.

काकांनी ती चिठ्ठी बराच वेळ धरून ठेवली. बाबांच्या दोन झाल्या होत्या, आता काकांच्याही दोन. मला वाटलं काका आता बाबांना काहीतरी जोरात बोलणार, आणि बोलले असते तर बाबा गप्प ऐकून घेणार होते, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

"उद्या सकाळी तुझ्या बागेत येतो," बाबा म्हणाले. "भरताना उभा राहतो. पोती आणतो."

"तुमचा माल?"

"तुझा आधी भरू."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "आमचा गडी ऐकत नाही कुणाचं. घडांवर नाचतो."

"मग हिला आणतो," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "ही ओरडली की खाली पडतात माणसं."

"बाबा, उद्या सोमवार आहे! मला शाळा आहे!"

"शाळा दहाला. आपण सहाला जाऊ."

मी हो म्हटलं. म्हटलं तर खरं, पण परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. त्यांच्या बागेचा रस्ता आमच्यापेक्षा वाईट आहे. त्यांच्या ट्रॉलीचा तळ गंजून उंचसखल झालाय. आणि दुहेरी पोती तिथे पुरतील का, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

"बाबा," मी म्हटलं, "उद्या पोती तिहेरी घालू या का?"

"घालू," बाबा म्हणाले, आणि रिकाम्या ट्रॉलीचा आवाज ऐकत हळूच गियर बदलला.